मला धरून दहा

२०२२ साली आमच्या घरात नऊ महिन्यांची दोन गणितं एकाच वेळी चालू होती. एक सरकारचं, एक माझं. सरकारचं गणित असं, की करोनाच्या लशीचा दुसरा डोस झाला की नऊ महिने थांबायचं आणि मग तिसरा घ्यायचा. माझं गणित कोणतं ते सांगायला नकोच.

माझा दुसरा डोस ५ ऑक्टोबर २०२१चा. म्हणजे सरकारी नऊ महिने ५ जुलै २०२२ला भरले. मी कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केला आणि समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, सरकारने जाहीर केलं की नऊ नको, सहा महिने पुरेत. काल वेळेवर असलेली मी रात्रीतून तीन महिने उशीर झालेली बाई ठरले. सासूबाई टीव्हीसमोर मेथी निवडत होत्या. जुडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "बघ, सरकारने त्यांचे तीन महिने माफ केले. तुझे मात्र नऊच."

मी डोंबिवलीत एका बँकेत कर्ज विभागात आहे. लोकांची तीस-तीस लाखांची कर्जं मी चहा गार व्हायच्या आत मंजूर किंवा नामंजूर करते. अर्जदाराच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा हप्ता कितव्या महिन्यात थकेल ते सांगते, असा शाखेत माझा लौकिक आहे. त्या लौकिकाची बाई अर्धा मिलिलिटर लस कधी टोचून घ्यावी हे अडीच महिन्यांत ठरवू शकली नाही, त्याची ही हकिगत.

आधी मोजणीचाच घोळ. घरात सगळे महिन्यांत मोजतात, डॉक्टर आठवड्यांत. सासूबाई म्हणायच्या "तिसरा चालू आहे", फाइलवर लिहिलेलं असायचं "अकरा आठवडे". त्यात डॉक्टर मोजायला सुरुवात करतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे तुम्ही गरोदर नसताना गरोदर असता. कर्ज मंजूर व्हायच्या आधीच व्याज सुरू, असा हा प्रकार. आमच्या बँकेने असं केलं तर ग्राहक काचा फोडतील. इथे मात्र आपण पेढे वाटतो.

डॉक्टरांकडे मी प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. बूस्टरचा, म्हणजे तिसऱ्या डोसचा, प्रश्न चौथा होता.

"घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

"कधी?"

"आता."

"आता म्हणजे कितव्या आठवड्यात?"

"आता म्हणजे जिना उतरून डावीकडे. तिथे केंद्र आहे."

मग माझं तोंड बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. लसीकरण सुरू झालं तेव्हा, म्हणजे २०२१च्या जानेवारीत, गरोदर बायकांना त्यातून वगळलं होतं, कारण सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये गरोदर बायका नव्हत्याच. पण २०२१च्या जुलैत परवानगी मिळाली, आणि तीही कोणत्याही महिन्यात. लशीत जिवंत करोना नसतो, तिच्याने करोना होत नाही. उलट खरा करोना झाला तर तो पोटुशीला इतरांपेक्षा जड जातो, दिवस भरायच्या आत बाळंतपण व्हायची भीती वाढते. हे सगळं त्यांनी दीड मिनिटात सांगितलं. मी तेवढ्यावर उठले असते तर ही हकिगत इथेच संपली असती. पण दाराशी जाऊन मी वळले आणि विचारलं, "सातव्या महिन्यानंतर घेतला तर बाळाला जास्त मिळेल ना?"

हे मी कुठेतरी वाचलं होतं. लस घेतली की साधारण दोन आठवड्यांत आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि ती वारेतून बाळापर्यंत जातात. शेवटच्या महिन्यांत जरा जास्तच जातात. आणि जन्मल्यावर बाळाला स्वतःची करोनाची लस नाही. आपल्याकडे तेव्हा बारा वर्षांखालच्या कुणालाच नव्हती. तेव्हा आईने पोटातच जी काय शिदोरी बांधून दिली, तीच.

"मिळेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण तोपर्यंत बाळाच्या आईचं काय?"

या वाक्याचे दोन भाग आहेत. घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात फक्त पहिला राहिला.

झालं. माझ्यात दोन पक्ष पडले. एक 'लवकर' पक्ष: आज घ्या, आई सुरक्षित. दुसरा 'उशिरा' पक्ष: सातवा लागू द्या, बाळाची शिदोरी भरभक्कम. मी दोघांना समोरासमोर बसवलं. आमच्याकडे मोठ्या कर्जाची छाननी करायचा एक तक्ता असतो. तो मी बूस्टरसाठी भरला. अर्जदार: मी. प्रयोजन: प्रतिकारशक्ती. जोखीम: एक दिवस ताप, दंड दुखणे. परतफेड: बाळाकडे, वारेमार्फत. तारण: काही नाही. जामीनदार या रकान्यापाशी मी अडले आणि तक्ता नवऱ्यापुढे ठेवला.

त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. "छान झालाय," म्हणाला.

"तुझं मत काय?"

"तू म्हणशील तसं."

हे वाक्य कानाला फार गोड लागतं. त्याचा खरा अर्थ असा, की चुकलं तर तुझं. जामीनदारांची ही जात मी बँकेत रोज बघते; सहीच्या वेळी त्यांचं पेन चालत नाही.

मग सल्लागार मंडळ जमवलं. चिपळूणहून आई फोनवर म्हणाली, "आमच्या वेळी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं असायची. ती नर्स घरी येऊन द्यायची. विचारायची नाही, द्यायची." इंग्लंडात लेस्टरला असलेल्या नणंदेने सांगितलं, "वहिनी, आमच्याकडे डिसेंबरपासून गरोदर बायकांना लशीसाठी प्राधान्य आहे. तू अजून थांबलीयस कशाला?" कशाला, याचं उत्तर मला देता येईना, म्हणून मी तिला तिकडच्या हवेबद्दल विचारलं.

सासूबाईंना मी शेवटी विचारलं. त्यांच्या मताची भीती होती म्हणून नव्हे, त्यांचं मत दोन शब्दांत संपतं म्हणून. साठीच्या पुढच्यांना तिसरा डोस मार्चपासूनच मोकळा झाला होता. "तुम्ही कसं ठरवलंत?" मी विचारलं.

"काय ठरवायचंय? भाजी आणायला गेले होते. केंद्रात रांग नव्हती. घेतला."

"आणि भाजी?"

"ती नंतर घेतली. आधी घेतली असती तर पिशवी कुठल्या हातात धरणार?"

मी वहीत लिहून घेतलं: 'सासूबाई: अभ्यासाशिवाय निर्णय.'

१५ जुलैला सरकारने आणखी एक गुंता केला. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त अठरा ते एकोणसाठ वयाच्या सगळ्यांना तिसरा डोस सरकारी केंद्रात फुकट, पंचाहत्तर दिवस, ३० सप्टेंबरपर्यंत. त्याआधी एप्रिलपासून तो आमच्या वयाला खासगी केंद्रातच मिळत होता: लशीचे २२५ रुपये, त्यावर कर, त्यावर टोचणावळ दीडशेपर्यंत, एकूण ३८६. मी बँकेतली बाई. पंचाहत्तर दिवस बिनव्याजी मुदत मिळाल्यावर पहिल्या दिवशी रक्कम भरणारा ग्राहक मी तरी अजून पाहिलेला नाही. वाचणाऱ्या ३८६ रुपयांच्या आनंदात मी त्या महिन्यात केवळ बूस्टरचा प्रश्न पुन्हा विचारायला डॉक्टरांकडे दोनदा रिक्षाने गेले आणि दोनदा तपासणीची फी भरली. दोन्ही वेळा उत्तर तेच होतं: जिना उतरून डावीकडे. दोन्ही वेळा मी उजवीकडे वळले, तिकडे रिक्षा मिळतात.

मुहूर्त काही लागेना. जुलैत उलट्या चालू होत्या. सॅनिटायझरच्या नुसत्या वासाने पोटातलं ओठात येई. ऑगस्टअखेर ती मोठी सोनोग्राफी, ज्यात बाळाचे सगळे अवयव बघतात; त्याच्या तोंडावर ताप नको. ती झाली, सगळं उत्तम निघालं, तर दारात गणपती. आता दंड दुखत असताना एकवीस मोदक कसे वळणार? म्हणून मी सावधगिरीने डोस पुढे ढकलला आणि पुढच्या पाच दिवसांत सात घरांच्या गणपतींना गेले. पंधरा बाय दहाच्या हॉलमध्ये पन्नास माणसं, मास्क हनुवटीला, आणि सगळ्यांनी तोंड उघडून म्हटलेल्या आरत्या. करोनाला आमंत्रण म्हणून याहून आग्रहाचं काही छापता आलं नसतं. पण तापाची जोखीम मात्र मी टाळली होती. तक्त्यात तसं लिहिलंय.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. इथे मला वाटलं, आता सासूबाईच अडवतील आणि काही दिवस डोक्याला विश्रांती मिळेल. मी स्वयंपाकघरात जाऊन विषय काढला. "पितृपक्षात नवीन काही करत नाहीत ना?"

"नाही करत."

"मग बूस्टर—"

"ते नवीन कुठाय? तिसरं आहे."

म्हणजे पितृपक्षाचा आधार शोधायला गेले मी, विज्ञान शाखेची पदवीधर. आणि तो काढून घेतला त्यांनी, ज्यांच्या देवघरात अजून पंचांग टांगलेलं असतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा संशय आला की गेले दोन महिने मी अभ्यास करतच नाहीये. मी मुहूर्त बघतेय. फक्त गुरुजींच्या जागी तक्ता बसवलाय आणि दक्षिणा डॉक्टरांना देतेय.

कळलं म्हणून काही वळलं नाही. बँकेच्या माणसाला एकच तारीख कळते, शेवटची. ती ३० सप्टेंबरला आली. शुक्रवार, नवरात्रातला पाचवा दिवस, रंग हिरवा. सकाळी आठच्या लोकलचा बायकांचा डबा भाताच्या खाचरासारखा दिसत असणार. आमची शाखाही तशीच दिसत होती. मला तेवीस आठवडे झाले होते, आणि हिरव्या साडीत मी एखाद्या टेकडीसारखी दिसतेय असं कॅशियरबाईंनी प्रेमाने सांगितलं. मी अर्धी रजा टाकली आणि साडेतीनला रिक्षाने आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात पोचले.

केंद्र शांत होतं. टेबलापाशी सिस्टर, बाकावर हेल्मेट मांडीवर घेतलेला एक गृहस्थ. शेवटच्या दिवशी रांग नाही, हा मला शुभशकुन वाटला.

"कोव्हिशिल्ड," मी म्हणाले. "तिसरा."

"बसा ताई. माणसं जमू द्या."

"कसली माणसं?"

सिस्टरने मला शांतपणे समजावलं. एका बाटलीत दहा डोस. एकदा सुई लागली की चार तासांत बाटली संपवायची, उरलं ते फेकायचं. सकाळी गर्दी होती, तीन बाटल्या गेल्या. तिसरी आत्ताच संपली. "आता तुम्ही दोघं. पाचला केंद्र बंद. दोघांसाठी उघडून आठ डोस मी कचऱ्यात टाकू का? दहाजण जमवा, उघडते."

"आणि नाही जमले तर?"

"उद्यापासून फुकट नाही. खासगीत मिळतो का बघा. मागणी नाही म्हणून त्यांनीही मागवणं बंद केलंय म्हणतात."

मी हेल्मेटवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. अडीच महिने मी एका माणसाचं मन वळवू शकले नव्हते, ते म्हणजे माझं. आता दीड तासात आठ माणसांचं वळवायचं होतं.

बाहेर माझी रिक्षा अजून उभी होती. रिक्षावाले दादा परतीच्या भाड्यासाठी थांबले होते. मी त्यांच्यापासून सुरुवात केली. पहिल्या दोन डोसांची ताकद काही महिन्यांनी ओसरते, तिसऱ्याने ती पुन्हा वर येते, तुमचा धंदा असा, की दिवसाला पन्नास अनोळखी लोक तुमच्या मानेमागे शिंकतात. डॉक्टरांचं दीड मिनिट मी शब्दशः म्हटलं; इतक्या दिवसांत मला ते पाठ झालं होतं. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढं चांगलं आहे, तर मिळायला लागलं कधीपासून?"

"फुकट जुलैपासून."

"आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"जुलैपासून."

दादा काही बोलले नाहीत. त्यांनी रिक्षाची किल्ली काढली, खिशात टाकली आणि माझ्यापुढे चालत आत गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला जे वाटलं ते मी तक्त्यात कुठल्या रकान्यात घालावं कळेना.

तीन झाले. बँकेत फोन लावला. दोघीजणी चहाला म्हणून बाहेर पडल्या आणि पाच मिनिटांत हिरव्या साड्यांत हजर. एकीचे नऊ दिवसांचे उपास. "सिस्टर, उपाशीपोटी चालेल का?" सिस्टरने विचारलं, "दुपारी काय खाल्लंत?" उत्तर आलं: साबुदाण्याची खिचडी, दोन वडे, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ आणि केळं. "मग उपाशी कोण आहे?" सिस्टर म्हणाली.

पाच. आता नवरा. तो घरूनच काम करत होता, धावत आला. त्याची मला काही समजूत घालावी लागणार नव्हती, कारण तो माझ्या म्हणण्यातला. सिस्टरने त्याचं प्रमाणपत्र फोनवर पाहिलं आणि फोन परत दिला.

"यांची कोव्हॅक्सिन आहे. पहिले दोन कोव्हॅक्सिनचे, तर तिसरा कोव्हिशिल्डचा नाही. यांना इथे नाही चालणार."

माझ्या डोळ्यांपुढे लग्नाचा दाखला उभा राहिला. पत्रिका जुळल्या होत्या, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. लशीची कंपनी बघायची असते हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला. पण या वेळी मी खरंच काहीतरी म्हटलं, आणि ते बऱ्यापैकी मोठ्याने. तो खाली मान घालून सोसायटीकडे पळाला.

एव्हाना मी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला होता: प्रतिपिंडं, ओसरती प्रतिकारशक्ती, सामाजिक जबाबदारी, तीन परिच्छेद. त्यावर एक नमस्काराचा हात आला. नवऱ्याने रस्त्यातूनच दुसरा टाकला: 'फुकट. आज ५ पर्यंत. नंतर ३८६ रु.' दहा मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी काका आले. वय अठ्ठावन्न, साठीची वाट बघत ते अकारण थांबले होते, असं त्यांना वाटलं. त्यांच्यामागे वॉचमन, त्याच्यामागे इस्त्रीवाले भय्या, आणि सगळ्यांच्या मागे आमच्या पोळ्यांच्या मावशी, सुनेला हाताला धरून.

सून घाबरली होती. मावशींनी तिला माझ्यासमोर उभं केलं. "बघ गं, या पोटुशी असून घेतायत. तुला काय धाड भरलीय?" सून माझ्याकडे आदराने बघू लागली. तेवढ्यात रिक्षावाले दादा खाकरले. मी भिंतीवरचा पोलिओचा तक्ता वाचायला घेतला.

सेक्रेटरी, वॉचमन, भय्या, मावशी, सून. मला धरून दहा!

भय्यांचा दुसराच डोस राहिला होता. सिस्टर म्हणाली, तोही यातूनच देते. पण त्यांच्या नोंदणीचा मोबाइल नंबर निघाला गावाकडच्या भावाचा. ओटीपी गेला गावी. भाऊ शेतात. कुणीतरी पोराला पळवलं. आम्ही नऊजण एका अनोळखी पोराच्या धावण्याकडे कान लावून बसलो. चार वीसला सहा आकडे आले. सिस्टरने फ्रिजवाल्या डब्यातून बाटली काढली, पेनने तिच्यावर वेळ लिहिली, आणि टोपणाला सुई लावली. एखाद्या पुलाचं उद्घाटन होताना टाळ्या वाजतात. आम्ही वाजवल्या नाहीत, पण हात तयार होते.

"चला, पहिलं कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोटुशीला पहिला मान. आणि मी काय म्हणाले असेन? "नाही नाही, आधी तुम्ही. कामं टाकून आलात." सेक्रेटरी काकांना वाटलं, काय ही संस्कारी मुलगी. मला ठाऊक होतं की मी मुहूर्त पुन्हा एकदा पुढे ढकलतेय. एक एक जण दंड पुढे करत गेला. तेवीस आठवड्यांच्या बाईला दर अर्ध्या तासाने जिथे जावं लागतं, तिथे मी मधेच जाऊन आले. परतले तेव्हा सगळे डाव्या दंडावर कापूस दाबून ओळीने बसले होते, आणि ओळीच्या टोकाला पाठीवर सॅक लावलेला एक कॉलेजचा मुलगा बसला होता. त्याच्याही दंडावर कापूस होता.

"हा कोण?"

"आत्ता आला. रांगेत कुणी नव्हतं," सिस्टर म्हणाली आणि बाटलीकडे बघून थांबली. "अरे देवा. दहा झाले."

खोलीत इतकी शांतता पसरली की पंख्याचा खरखराट ऐकू आला. मी जमवलेली माणसं माझ्याकडे बघत होती. कॉलेजचा मुलगा तर रडायलाच आला होता. शेवटी मावशी उठल्या, दंडावरचा कापूस काढला आणि सिस्टरपुढे हात धरला. "माझं परत काढा. ताईंना द्या."

सिस्टर हसली नाही. तिने बाटली उजेडाकडे तिरपी धरली, पापणी न हलवता तळ बघितला. मग मला म्हणाली, "ताई, कंपनी बाटलीत जरा जास्तीचं भरते. सुईत थोडं वाया जातं ना, म्हणून. पण हात हलका असला तर अकरावा निघतो." २०२१मध्ये केरळातल्या परिचारिकांनी याच हिशेबाने दिलेल्या बाटल्यांतून हजारो डोस जास्तीचे काढले होते, आणि त्यांचं कौतुक पंतप्रधानांपर्यंत पोचलं होतं. "पण अर्धा मिली पुरा आला तरच देईन. अर्धवट टोचून नाव घालणार नाही."

तिने नवी सिरिंज घेतली. बाटली उलटी केली. दट्ट्या हळूहळू खाली येत होता आणि माझ्यासकट अकराजणांचा श्वास त्याच्याबरोबर खाली येत होता. रेघेला टेकला. थांबला. पुरा अर्धा मिली.

"बाही वर घ्या," सिस्टर म्हणाली, "आणि आता कुणालाही 'आधी तुम्ही' म्हणू नका."

टोचलेलं कळलंसुद्धा नाही. नंतरचा अर्धा तास आम्ही सगळे निरीक्षणाखाली बसलो. बँकेतल्या दोघींनी हिरव्या साड्यांचा फोटो काढला, त्यात मावशींची सूनही होती. रात्री मला शंभरवर ताप आला. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली; सकाळी दूधवाला यायच्या आत ताप उतरला. ज्या तापाला घाबरून मी सोनोग्राफी, मोदक आणि पितर यांच्या आड लपले होते, तो पहाटेचा चहासुद्धा न घेता गेला.

२५ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं. चिपळूणहून आईचा फोन आला: सुरी धरू नकोस, सुई धरू नकोस, भाजी चिरू नकोस. मी फोन ठेवून हसले. सासूबाई गॅसपाशी उभ्या होत्या. "हसू नकोस. हे दीड तासात सुटेल. तुझं ग्रहण अडीच महिने चाललं होतं."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाळ आलं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधी, कुणाला न विचारता आणि कुठलाही तक्ता न भरता. मुलगा. शिदोरीत नक्की किती प्रतिपिंडं बांधून मिळाली ते कुणी मोजलं नाही. रडण्याच्या ताकदीवरून तरी कमी पडली नसावीत. माझ्या उशाशी त्याचं लसीकरणाचं कार्ड ठेवलं होतं. जन्मतःच कोणत्या, सहा आठवड्यांनी कोणत्या, दहाला कोणत्या, चौदाला कोणत्या, सगळं छापलेलं. ते वाचून मला फार बरं वाटलं. आता काही ठरवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातल्या सिस्टर आल्या. "बीसीजी राहिलंय. पण त्याची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते. आज दोनच बाळं आहेत. आणखी जमली की देते, नाहीतर परवा या."

मी पांघरूण बाजूला केलं आणि टाके सांभाळत पाय खाली सोडले.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"खालच्या मजल्यावर. बाळं मोजायला."

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत आडवं केलं, पांघरूण सारखं केलं आणि दारामागची कापडी पिशवी घेतली.

"तू पड. मी भाजी आणायला जातेच आहे. येताना दोन-तीन बघून येते."